तीनच्या आत मंगरूळपीर

गेली दहा वर्षं सुनंदाचं माझ्याकडे एकच मागणं होतं. "मी सरपंच आहे तोवर एकदा ये." मी दर वर्षी हो म्हणायचे आणि दर वर्षी काहीतरी निघायचं. कधी मुलीची बदली, कधी नातवाची परीक्षा, नंतर माझे गुडघे. मग डिसेंबरातल्या एका दुपारी तिचा फोन आला. "शैला, यंदा मी उभी नाही. आता महिनाभराचीच सरपंच उरले. यायचं तर ये. नाहीतर नंतर नुसत्या सुनंदाला भेटायला ये, तेही चालेल."

त्याच दुपारी मी तिकीट काढलं.

सुनंदा आणि मी अमरावतीच्या एका कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात सहावीपासून दहावीपर्यंत शेजारशेजारच्या खाटांवर झोपलो. माझे वडील फिरतीच्या नोकरीत होते, तिचे वडील वाशीम भागातल्या एका खेड्यात प्राथमिक शिक्षक होते. वस्तीतून इंग्रजी शाळेत गेलेली ती पहिली मुलगी. सिस्टर तिला वर्गाची मॉनिटर करत, कारण ती बोलणाऱ्या मुलींची नावं फळ्यावर कधीच लिहायची नाही आणि तरी वर्ग गप्प बसायचा. पुढे तिचं लग्न त्याच मुलखात झालं. तिने शेती पाहिली, गावातल्या मुलींना शिवण शिकवलं, यजमान गेल्यावर एकटीने मुलगी वाढवली, आणि दहा वर्षांपूर्वी गावाने तिला सरपंच केलं. दोनदा.

गावाचं नाव मी लिहीत नाही, माणसांची नावंही बदलली आहेत. मतदान अजून व्हायचं आहे. आसेगावच्या अलीकडे एका फाट्यावरून आत जावं लागतं, एवढं पुरे.

जाणाऱ्यांसाठी सांगते. नाशिक रोडहून नागपूरकडे जाणाऱ्या गाडीने मूर्तिजापूरला उतरायचं. मी उजाडताना उतरले तेव्हा फलाटावर शेकोटी पेटलेली होती आणि चहावाल्याने कप दोन्ही हातांनी धरायला सांगितला, इतकी थंडी. स्टँडवरून कारंजा लाडची एसटी मिळते, साधारण तासाभराचा रस्ता. बायकांना अर्धं तिकीट आहे हे मला ठाऊक होतं, तरी मी सवयीने पूर्ण भाड्याचे पैसे पुढे केले. कंडक्टरने निम्मे परत दिले आणि म्हणाला, "ठेवा मावशी, कारंज्यात आलूबोंडा खाजा."

मी खाल्ला. स्टँडसमोर आलूबोंडा कुस्करून त्यावर तर्री ओतून देतात, आणि ती तर्री पहिल्या घासाला गोड वाटते, तिसऱ्या घासाला डोळ्यांतून पाणी काढते. पोट नाजूक असेल तर तर्री वेगळ्या वाटीत मागा. कोणी हसत नाही, थोडंसंच हसतात.

कारंज्याहून मंगरूळपीर पुन्हा एसटीने. तिथून पुढे बस कमी आहेत, म्हणून काळीपिवळी जीप. दहा माणसं बसली की ती भरते असं मला वाटत होतं. तेराव्याला निघाली. दोन्ही बाजूंना तूर उभी होती, शेंगांनी वाकलेली, मधेमधे कपाशीचं वेचणं चाललेलं. माझ्या मांडीवर माझी बॅग आणि बॅगेवर कुणाच्यातरी मेथीच्या जुड्या. आणि समोर दोन बायका आमच्या सुनंदाबद्दल बोलत होत्या.

"यंदा सरपंच बाई उभी नाई म्हनते," एक म्हणाली.

"कोन म्हनते? फारम भरला हाये तिनं. माह्या जावयानं सोताच्या डोयानं पाह्यला."

"मंग काहून म्हनते उभी नाई?"

"राजकारन हाये बाप्पा. आपल्याले काय समजते."

मी मेथीच्या आडून ऐकत राहिले. पन्नास वर्षांच्या मैत्रीत सुनंदा माझ्याशी एकदाच खोटं बोलली होती, माझ्या आईने पाठवलेल्या बेसनलाडवांबद्दल. आणि या वेळी तिने खोटं बोललेलं मला मुळीच परवडणारं नव्हतं. ती का उभी राहणार नव्हती ते मला माहीत होतं.

तिची मुलगी स्नेहल नागपूरला असते. पहिलं बाळंतपण झालं तेव्हा गावात गॅस्ट्रोची साथ आली होती. सुनंदा बॅग भरून तयार होती आणि निघाली नाही. टँकर, डॉक्टर, पावडर, खाटा, तेरा दिवस. बाळ आठव्या दिवशी काविळीने काचेच्या पेटीत होतं तेव्हा स्नेहलजवळ तिची सासू होती. आई नव्हती. स्नेहल कधी काही बोलली नाही. सुनंदा म्हणते, बोलली असती तर बरं झालं असतं. आता दुसऱ्या खेपेचे दिवस भरत आले होते, आणि या वेळी सुनंदाने मुलीला शब्द दिला होता.

फाट्यावर ती उभी होती. केस पांढरे, चष्मा जाड, उभं राहण्याची ढब तीच, एक खांदा किंचित वर. मी मिठी मारायच्या आधीच विचारलं, "तू अर्ज भरलास?"

"गाडीत कळलं वाटतं," ती हसली. "अगं, तो डमी आहे."

गावाकडे चालताना तिने समजावलं. छाननीत अर्ज कशानेही उडू शकतो, एखादा दाखला राहतो, एखादी सही भलत्या रकान्यात पडते. मग ज्यांचा उमेदवार उडाला त्यांच्याकडे कुणीच उरत नाही. म्हणून प्रत्येक गट एक जादा अर्ज भरून ठेवतो आणि मुख्य अर्ज पास झाला की जादा मागे घेतो. तिच्या बाजूने दुर्गा उभी होती. तिशीची, सुनंदाकडेच शिवण शिकलेली, बचत गट चालवणारी. जागा बाईसाठी होती आणि कुणी पुढे येत नव्हतं. दुर्गा म्हणाली होती, बाई, तुमी डमी भरा, मले धीर येते. छाननी आदल्या दिवशी झाली होती आणि दुर्गाचा अर्ज पास झाला होता. सुनंदाने परवा दुपारी तीनच्या आत आपला मागे घ्यायचा, की झालं.

"आणि राहून गेला तर?"

"तर मशीनवर माझं नाव येतं," ती म्हणाली. तिचं नाव आलं तर गाव दुसरं बटण दाबणार नाही, हे तेराव्या सीटवरच्या माणसालाही माहीत होतं.

मी मुख्यतः तिचं नाव बघायला आले होते, हे कबूल करते. दहा वर्षांत तिने पाण्याची टाकी, अंगणवाडी, नालीवरचे पूल केले, प्रत्येक ठिकाणी कोनशिला, तिचे फोटो तिने पाठवले होते. प्रत्यक्षात आचारसंहिता लागली होती. टाकीच्या कोनशिलेवर वर्तमानपत्र चिकटवलेलं. अंगणवाडीवर खताचं पोतं बांधलेलं. ग्रामपंचायतीच्या फलकावर तिच्या नावापुरती चुन्याची पट्टी. विहारासमोरच्या सभामंडपाच्या दगडावर तर कुणाची तरी जुनी लुंगी होती.

"एवढ्या लांबून आलीस आणि सगळं झाकलेलं," ती म्हणाली.

मी म्हटलं, टाकी तर दिसते. टाकीवर पोरी पाणी भरत होत्या, एकीने हात केला.

तिच्या घरी जेवण म्हणजे ओल्या तुरीच्या दाण्यांची सोल्याची आमटी, ज्वारीची भाकरी, मिरचीचा ठेचा आणि वर कच्चं तेल. ही आमटी डिसेंबर-जानेवारीतच मिळते, तेव्हा जाणार असाल तर हिवाळ्यातच जा. राहायला गावात काही नाही. ओळख नसेल तर कारंज्याला किंवा वाशीमला साध्या लॉजमध्ये उतरावं आणि दिवसा फिरावं.

जेवताना तीन माणसं आली. कुणाला रहिवासी दाखला हवा होता, कुणाला शिफारस. ती डाव्या हाताने पर्समधून शिक्का काढायची, पॅडवर दाबायची, उजव्या हाताची बोटं चाटून पुसायची, सही करायची. तिचा अंगठा कायमचा जांभळा झाला आहे. मी म्हटलं, हा आता धुवून निघेल. ती अंगठ्याकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी ती मंगरूळपीरला जाऊन अर्ज मागे घेणार होती. इथे चूक माझी झाली. मी म्हटलं, मला कारंजा नीट बघायचंय, आणि तुला बाळासाठी कापड घ्यायचंय, मग तिकडेच जाऊ ना. तीही विचारात पडली आणि म्हणाली की सूचकाच्या हातून पाठवता येतं. तिचे सूचक भगवान मामा. सख्खे मामा नव्हेत, गावाचे मामा. सत्तरीचे, ताठ, दोन्ही निवडणुकांत आणि या डमी अर्जावरही सूचक म्हणून त्यांचीच सही.

तिने माघारीचा कागद भरला, सही केली, आणि हाताला लागलेल्या सवयीने त्यावर सरपंचाचा शिक्का मारला. आम्ही दोघी त्या शिक्क्याकडे बघत राहिलो. मग ती इतकी हसली की चष्मा काढून पुसावा लागला. उमेदवाराला कुठला आलाय शिक्का. कागद फाडला, दुसरा लिहिला, सोबत मामांना अधिकार दिल्याचं पत्र. मामांनी दोन्ही घडी करून बंडीच्या आतल्या खिशात ठेवले आणि म्हणाले, "जा तुमी. मी पाहून घेतो."

कारंज्याचा तो दिवस सुंदर होता. मोंढ्यात धान्याच्या राशी आणि कापसाने भरलेल्या गाड्या, रस्त्यावर कापसाचे पुंजके उडत होते, लोकांच्या केसांना, मिशांना चिकटत होते. जैन मंदिरात आम्ही दोघी चप्पल काढून थंड फरशीवर बराच वेळ बसलो. तिथला लाकडावरचा कोरीव भाग बघताना सुनंदाने माझ्या कानात सांगितलं की दहा वर्षांत ती पहिल्यांदाच तासभर कुठेतरी कामाशिवाय बसली आहे. तेवढ्यात तिचा फोन वाजला. नळाची तोटी.

मग कापडाच्या दुकानात. मऊ मलमल, धुतलेलं, दुपट्यांसाठी आणि झबल्यांसाठी. सुनंदा प्रत्येक ताग्याचं टोक गालाला लावून बघत होती. दुकानदार कंटाळला नाही. त्याने नातू की नात विचारलं नाही, फक्त म्हणाला, "बाई, हे घ्या. धुन्यानं अजून मऊ होते." संध्याकाळी ती मशीनवर बसली आणि मी दिव्याखाली कडा दुमडत गेले. शाळेच्या शिवणवर्गात माझा टाका नेहमी वाकडा जायचा आणि सिस्टर उसवायला लावायच्या. सुनंदाने या वेळी उसवायला लावलं नाही. मामांना तिने फोन केला तर उचलला नाही. म्हातारे आहेत, झोपले असतील, म्हणाली.

तिसऱ्या दिवशी साडेदहाला दुर्गा आली. दारातच उभी राहिली, आत येईना. तिच्या नवऱ्याने तहसीलमध्ये चौकशी केली होती. माघार घेणाऱ्यांत सुनंदाचं नाव नव्हतं.

"बाई, तुमाले राहाचं होतं तं मले सांगाचं होतं," ती म्हणाली. डोळे कोरडे होते. "मी परत घेतो माहा फारम. मले राग नाई. फक्त सांगाचं होतं."

इकडे बायकाही मी येतो, मी घेतो म्हणतात, आणि त्या क्षणी ते वाक्य मला फार एकटं वाटलं. सुनंदाने पायात चप्पल घातली आणि मामांच्या घराकडे निघाली. आम्ही दोघी मागून.

मामा अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. आम्हाला बघून त्यांनी फक्त सूप थोडं सरकवलं, बसायला जागा केली. कागद दिला नाही, हे त्यांनी लगेच सांगितलं. विसरले नव्हते. साहेब नव्हते असंही म्हणाले नाहीत. घरात पेटीत ठेवलाय, म्हणाले.

"दहा वर्सं तुह्या सहीनं आमचे सारे कामं झाले," मामा म्हणाले. "ही एक सही कामी नाई आली तं काय बिघडलं?"

मागे पंधरा-वीस माणसं जमली होती. त्यांच्या चेहऱ्यांवरून मला कळलं की हे मामांचं एकट्याचं नव्हतं. कुणी रागावलेलं नव्हतं, उलट सगळे जरा लाजल्यासारखे उभे होते. एक बाई म्हणाली, चहा टाकते, बसून बोला. दुसरी म्हणाली, आज जेवूनच जा. मी घड्याळ पाहिलं. साडेअकरा.

मी सुनंदाला हळूच इंग्रजीत म्हटलं की कागद दुसरा तिथे मिळेल, तू स्वतः गेलीस की झालं, चल. वसतिगृहातही आम्ही गुपितं इंग्रजीत बोलायचो. तिने नाही म्हणून मान हलवली. ती मामांच्या समोर खाली बसली आणि त्यांच्याबरोबर शेंगा सोलायला लागली. बराच वेळ. मला वाटलं ती विरघळली. मला वाटलं, आता ही नागपूरला जात नाही, आणि मी जर कारंजा-कारंजा केलं नसतं तर काल सकाळीच सगळं संपलं असतं.

मग ती शेंगांकडेच बघत म्हणाली, "मामा, स्नेहलचं पयलं बाळंतपण मी नाई पाह्यलं. कायच्यानं नाई पाह्यलं, तुमाले माहीत हाये."

त्या साथीत मामीही सापडल्या होत्या. खाट ग्रामपंचायतीच्या ओट्यावर, सलाइनची बाटली सुनंदाने हातात धरलेली, हे मला नंतर कळलं. मामी वाचल्या. त्या क्षणी त्याच मामी घरातून बाहेर आल्या, पदराला हात पुसत, आणि कागदाची घडी त्यांनी नवऱ्याच्या सुपात ठेवली. मामा उठले, बंडी चढवली, टोपी घातली.

"मीच देतो," ते म्हणाले. "सूचक मी हावो."

तोवर पाऊण वाजला होता आणि गावात एकही गाडी नव्हती. हे मी अतिशयोक्ती करून सांगत नाही. ऑटोवाल्याचं चाक पंक्चर होतं. दुसऱ्याची सासू आजारी होती. दुर्गाचा नवरा मोटरसायकल घेऊन तहसीललाच बसला होता. फाट्यावर काळीपिवळी कधी येईल याचा नेम नाही. लोक मनापासून हळहळत होते आणि कुणी जागचं हलत नव्हतं. मी आयुष्यात इतकं प्रेम आणि इतका अडथळा एकाच वेळी पाहिला नव्हता.

आणि तेवढ्यात धूळ उडवत एक मोठी जीप आली. शोभाताईंची. गावातल्या दुसऱ्या गटाच्या सरपंचपदाच्या उमेदवार त्याच, दहा वर्षं सुनंदाच्या प्रत्येक ठरावाला हात वर न करणाऱ्या. त्या चिन्ह घ्यायला तहसीलला निघाल्या होत्या. काच खाली करून त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं, त्यांच्यापर्यंत कुणीतरी सगळी हकिगत आधीच पोचवली होती.

"बसा बाई," त्या म्हणाल्या. "तुमच्याइतकीच घाई आमाले हाये."

सुनंदा बसली. मामा बसले. दुर्गा घुटमळली, तर शोभाताई म्हणाल्या, तूही बस, तुले का पायी धाडू. मी शेवटी, मधल्या सीटवर दोन उमेदवारांच्या आणि एका डमीच्या मधे.

रस्ता तोच, पण येताना मला तुरी दिसल्या होत्या, जाताना फक्त घड्याळ दिसत होतं. एका ठिकाणी उसाचा ट्रॅक्टर आडवा होता. एक चाळीसला आम्ही थांबलो, दोन वाजता सुटलो. शोभाताईंनी डबा उघडला, तिळाच्या वड्या होत्या. मामांनी घ्यायला नकार दिला, विरोधकांचं खात नाही म्हणाले. मग दोन घेतल्या.

थोड्या वेळाने शोभाताई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "बाई, दहा वर्सं तुमाले शिव्या देल्ल्या. आता कोनाले देऊ?"

"मले द्या ना ताई," दुर्गा म्हणाली.

जीपमध्ये पहिल्यांदा सगळे हसले, ड्रायव्हरसुद्धा. दुर्गाच्या तोंडून तासाभरात निघालेलं ते पहिलं वाक्य होतं, आणि सुनंदाने वळून तिच्याकडे जे पाहिलं ते मला ओळखीचं होतं. वर्ग गप्प झाला की ती फळ्यापाशी असंच बघायची.

दोन पस्तीसला तहसीलच्या फाटकात. अंगणात दहा-बारा गावांची गर्दी, प्रत्येक झाडाखाली एकेक पॅनेल. ओळीत आमच्या पुढे चौघे. दोन पन्नासला मामांनी खिशातून घडी काढली, उलगडली, हाताने सपाट केली आणि टेबलावर ठेवली. साहेबांनी कागद वाचला, सुनंदाकडे पाहिलं, तुमच्या मर्जीने ना, विचारलं. ती म्हणाली, "माझ्या मर्जीनं." वेळ टाकली गेली, पोच मिळाली. मी भिंतीला टेकले. गुडघे दुखत होते हे मला तेव्हा आठवलं. इतकं हलकं मला माझ्या स्वतःच्या निवृत्तीच्या दिवशीसुद्धा वाटलं नव्हतं.

तीननंतर चिन्हं वाटली. दुर्गाला कढई मिळाली, शोभाताईंना शेगडी. परतताना जीपमध्ये यावरून जे चाललं ते सगळं लिहिता येणार नाही.

"शेगडी नसन तं कढई कायच्यावर तापवशीन?" शोभाताई म्हणाल्या.

"अन् कढईच नसन तं शेगडीवर काय हात शेकाचे?" दुर्गा म्हणाली.

मामा म्हणाले, दोघी मिळून मले जेवाले घाला. सुनंदा झोपली होती. खरंच झोपली होती, तोंड किंचित उघडं, जीप खड्ड्यातून उडत असताना.

संध्याकाळी तिने शिक्का आणि पॅड ग्रामसेवकाच्या कपाटात ठेवलं, नवीन सरपंच येईपर्यंत उपसरपंचाने काम बघायचं असं लिहून दिलं. येऊन पर्स झटकली तर आतून जांभळी धूळ पडली. रात्री मामींनी निखाऱ्यावर भाजलेले कणकेचे रोडगे पाठवले, वरणासकट, न विचारता.

चौथ्या दिवशी कारंजा स्टँडवर आम्ही निरोप घेतला. तिला नागपूरची बस, मला मूर्तिजापूरची. समृद्धी महामार्ग झाल्यापासून नागपूर पूर्वीपेक्षा खूप जवळ आलं आहे, असं ती सांगत होती, जणू अंतराचीच अडचण होती. मामा निरोपाला आले होते, सोबत तुरीच्या शेंगांचं गाठोडं. बस हलली तेव्हा ती खिडकीतून मामांना काहीतरी ओरडून सांगत होती. मला वाटलं शेवटचं काही हळवं. जवळ जाऊन ऐकलं तर टाकीचा व्हॉल्व्ह बुधवारी बंद करायचा होता.

आता मी घरी आहे. बॅगेत मेथीची पानं निघाली, स्वेटरला कापूस. लोक विचारतात, वाशीमला बघण्यासारखं काय आहे. मी तुरी सांगते, कारंज्याची मंदिरं, सोल्याची आमटी. आणि मनात येतं की मी एवढ्या लांब जाऊन जिचं नाव बघायला गेले ते नाव सगळीकडे झाकलेलं पाहिलं, शेवटी एका यादीतून कमी होताना पाहिलं, आणि समाधानाने परत आले. मतदान या रविवारी आहे. कढई की शेगडी, मला माहीत नाही. सुनंदा मत द्यायला जाऊन त्याच दिवशी परतणार आहे.

काल तिचा फोन आला. मुलगी झाली, दोघी सुखरूप. स्नेहलला आत नेताना तिने आईचा हात धरला होता आणि दार बंद होईपर्यंत सोडला नव्हता. मग सुनंदा हसत म्हणाली की दवाखान्यात एका कागदावर जवळच्या नातेवाईकाची सही हवी होती. तिने सही केली, नात्याच्या रकान्यात आई लिहिलं, आणि पर्समध्ये हात घालून काहीतरी शोधत राहिली. नर्सने विचारलं, आजी, काय हवंय?

"मी म्हटलं, काही नाही," सुनंदा म्हणाली. "एवढंच पुरतं ना?"

नर्स म्हणाली, पुरतं.